सहलीचे पैसे ताटातून वसूल करू नका

दिवाळी जवळ आली किंवा मे महिन्याच्या सुट्या लागल्या, की आमच्या देवळ्याच्या दवाखान्यात एक मागणी हमखास येऊ लागते. "डॉक्टर, आठ-दहा दिवस फिरायला चाललो आहोत. तेवढ्या दिवसांच्या गोळ्या लिहून द्या आणि पोट बिघडले तर काय घ्यायचे तेही सांगा." यात निवृत्त गुरुजी असतात, पतसंस्थेतून निवृत्त झालेले असतात, कांद्याला किंवा डाळिंबाला एखाद्या वर्षी बरा भाव मिळाला म्हणून प्रथमच गावाबाहेर पडणारे शेतकरी जोडपेही असते. आयुष्यभर राबलेल्या माणसांनी उतारवयात जग पाहावे, याचा आनंदच वाटतो. मात्र एक गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आली आहे. पोट बिघडण्याची चिंता सर्वांना असते. पोट वाढण्याची कोणालाच नसते.

पूर्वी आपल्याकडची मंडळी काशी, रामेश्वर, चारधाम करीत. आता केरळ, राजस्थान, दुबई, सिंगापूर होऊ लागले आहे. त्यात गेल्या काही वर्षांत बोटीच्या सहलीची भर पडली. २०१८ साली 'आंग्रिया' ही बोट मुंबई-गोवा प्रवासासाठी सुरू झाली होती. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया'ची अकरा मजली बोट मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागली. नाशिक रोडला रेल्वेत बसायचे, मुंबईला उतरायचे आणि बोटीत चढायचे, इतके ते सोपे झाले. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या जुन्या आगबोटींत प्रवासी फडक्यात भाकरी बांधून नेत. आताच्या बोटीवर न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सारे तिकिटातच असते. मी आज लिहिणार आहे ते या 'तिकिटातच' या शब्दाविषयी. बोट असो, बस असो, रेल्वेने निघालेली यात्रा कंपनी असो, जेवणाचे पैसे आधी भरलेले असले की माणसाच्या हाताला आणि तोंडाला जे होते, ते सगळीकडे सारखेच आहे.

पैसे केव्हा खर्च झाले?

सहलीवरून आलेले एक नाना मला म्हणाले, "डॉक्टर, माणशी एवढे पैसे भरले होते. सोडायचे कशाला? सकाळी पुरी, वडा, शिरा, इडली, सगळे थोडे थोडे घेत होतो." नानांचा हिशेब बहुतेकांचा हिशेब आहे. भरलेले पैसे ताटातून परत मिळवायचे.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला मी हा हिशेब त्याच्याच भाषेत समजावतो. चाळीत कांदा भरताना मजुरी, वाहतूक, सारा खर्च झालेला असतो. म्हणून काय त्यातला सडू लागलेला कांदा कोणी जपून ठेवतो? उलट तो आधी निवडून बाहेर काढतो, कारण तो राहिला तर चांगला मालही जाईल. खर्च झाला तो झाला. आता पुढचे नुकसान टाळायचे, एवढेच आपल्या हाती असते. सहलीचे पैसे तुम्ही पावती घेतली त्या दिवशीच गेले. तुम्ही दोन पुऱ्या खा की आठ खा, त्यातला एक रुपयाही परत येणार नाही. आठ पुऱ्या खाल्ल्या तर पैसे गेलेच, वर सहा पुऱ्यांचा मेद अंगावर आला आणि त्याच्या औषधाचे पैसे पुढे वेगळे द्यावे लागले. हा व्यवहार कोणत्या बाजूने फायद्याचा झाला?

दुसरी गोष्ट म्हणजे आपण पैसे कशासाठी भरतो? समुद्र पाहण्यासाठी, देवदर्शनासाठी, डोंगर आणि राजवाडे पाहण्यासाठी. पुरी-भाजी देवळ्यातही मिळते. ज्याला पैसे वसूल करायचे असतील त्याने पहाटे उठून बोटीच्या डेकवर सूर्योदय पाहावा. तोही तिकिटातच असतो आणि त्याने वजन वाढत नाही.

भूक एका पदार्थाची असते

अनेक पदार्थ मांडलेल्या टेबलापुढे आपण जास्त खातो, याला केवळ हावरेपणा म्हणून चालणार नाही. त्यामागे शरीराची एक रीत आहे. एकच चव सतत खाल्ली की तिचा कंटाळा येतो आणि हात थांबतो. चव बदलली की भूक पुन्हा जागी होते. लग्नात पोट तुडुंब भरल्यावरही जिलबी दिसली की जागा होते, ती याचमुळे. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बार्बरा रोल्स या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला. एकाच प्रकारच्या सारणाऐवजी चार निरनिराळ्या सारणांची सँडविच समोर ठेवली, तेव्हा माणसांनी सुमारे एक तृतीयांश अन्न जास्त खाल्ले. चार प्रकारांनी ही गत, तर बोटीवरच्या तीस-चाळीस प्रकारांनी काय होत असेल?

त्यात पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत पूर्णपणे पोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. सहलीत बस सुटायची घाई असते, म्हणून दहा मिनिटांत जेवण उरकले जाते. खूण पोचेपर्यंत दोन ताटे झालेली असतात.

आता एका दिवसाचा हिशेब मांडू. साठीतल्या, फार हालचाल नसलेल्या माणसाला दिवसाला साधारण अठराशे ते दोन हजार उष्मांक पुरतात. एक तळलेली पुरी म्हणजे शंभराच्या आसपास, एक गुलाबजाम दीडशेच्या आसपास. न्याहारीला चार पुऱ्या, वडा, शिरा आणि गोड चहा झाला, की निम्म्या दिवसाचे अन्न सकाळी नऊलाच पोटात गेले. पुढे दोन जेवणे, चार वाजताची भजी, बसमध्ये फिरणारे चिवडा-चकलीचे डबे आणि रात्रीचे आइस्क्रीम. दिवसाचा आकडा तीन हजार सहज ओलांडतो. रोजचे हजार उष्मांक जास्तीचे धरले तर सात दिवसांत सात हजार झाले. शरीरावर एक किलो मेद साठायला साधारण साडेसात हजार उष्मांक लागतात. म्हणजे जो खरोखर असा जेवला, तो आठवड्याला जवळजवळ एक किलो मेद घेऊन घरी आला.

हे उतरवायचे कसे? साठ किलोचा माणूस एक किलोमीटर चालला तर साधारण पन्नास उष्मांक खर्च होतात. एका गुलाबजामाला तीन किलोमीटर, असा हा भाव आहे. खायला अर्धे मिनिट लागते आणि फेडायला पाऊण तास.

थोडे वाढते, पण उतरत नाही

"एका आठवड्याने काय होते, डॉक्टर? घरी आलो की उतरते." हे मी फार वेळा ऐकले आहे. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सुटीवर जाणाऱ्या १२२ प्रौढांची वजने सुटीआधी, सुटीनंतर आणि पुढे सहा आठवड्यांनी घेतली. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एक ते तीन आठवड्यांच्या सुटीत सरासरी वजन सुमारे तीनशे ग्रॅमने वाढले. आकडा ऐकून हसू येईल. परंतु सहा आठवडे उलटले तरी ते तीनशे ग्रॅम गेलेले नव्हते. लक्षात घ्या, ही सरासरी आहे. यात ज्यांचे वजन वाढले नाही तेही धरलेले आहेत. त्याआधी २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सणासुदीच्या दिवसांविषयी असाच अभ्यास आला होता. तिथेही नोव्हेंबर ते जानेवारीतले वाढलेले पाव किलोपेक्षा थोडे जास्त वजन पुढच्या महिन्यांत उतरलेले दिसले नाही.

आपल्याकडे वर्षात एक सहल, एक दिवाळी, पाच-पंचवीस लग्ने आणि तेवढेच वास्तुशांतीचे व बारशाचे प्रसंग असतात. प्रत्येक वेळी पाव किलो राहिले, तर दहा वर्षांत पँटचा नंबर का बदलला, याचे उत्तर मिळते. वजन एका दिवसात वाढत नाही. ते थोडे थोडे साचते.

इथे एक खुलासा करतो. सहलीवरून आल्या दिवशी काट्यावर दोन किलो जास्त दिसले, तर घाबरू नये. त्यात बरेचसे पाणी असते. लोणचे, पापड, शेव, चटण्या यांतून मीठ जास्त गेले की शरीर पाणी धरून ठेवते. ते चार-सहा दिवसांत निघून जाते. म्हणून खरे वजन घरी आल्यावर आठ दिवसांनी करावे.

सडपातळ दिसणाऱ्यांनीही ऐकावे

"मला काय, माझे अंग बारीकच आहे," असे म्हणून काही जण हा लेख बाजूला ठेवतील. त्यांच्यासाठी पुण्याचे एक उदाहरण सांगतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीररचनेवर मोठे काम केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, म्हणजे देहभारांक २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद होता ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा सारखा, आतला माल निराळा. आपण भारतीय वरून बारीक आणि आतून मेदयुक्त असतो. तो मेद पोटाभोवती बसतो आणि मधुमेहाला, हृदयविकाराला आमंत्रण देतो.

म्हणून आपल्यासाठी मापेही निराळी आहेत. वजनाला उंचीच्या वर्गाने भागले (वजन किलोत, उंची मीटरमध्ये) की देहभारांक मिळतो. आपल्यासाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलपणा मानतात. त्याहून सोपे माप कमरेचे आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत हवी. त्यासाठी शिंप्याकडची टेप पुरते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली जाहीर झाले. त्यानुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह होता, आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. पोटाचा घेर जास्त असलेले ३९.५ टक्के निघाले. चाळीस जणांची सहलीची बस डोळ्यांसमोर आणा. सहलीला जाणारे बहुतेक पन्नाशी-साठीतले असल्याने बसमधले प्रमाण याहून जास्तच असणार. त्या बसमध्ये गुलाबजामाचे भांडे फिरते आहे.

चैत्रातले पदयात्री

चैत्रात आपल्या रस्त्याने सप्तशृंगगडाकडे जाणारे खानदेशातले पदयात्री आपण दर वर्षी पाहतो. मालेगावकडून येतात, देवळ्यावरून कळवण-नांदुरीकडे जातात. वाटेत गावोगावी त्यांना चहा, खिचडी, बुंदी, पुरी-भाजी दिली जाते. तेही पोटभर खातात आणि कोणी त्यांना नावे ठेवत नाही. कारण ते उन्हातान्हात दिवसाला वीस-वीस किलोमीटर चालतात. त्यांचे हजार उष्मांक रस्त्यावरच खर्च होतात.

आपण यात्रेला गेल्यावर खायची रीत या चालणाऱ्यांकडून घेतली, चालणे मात्र सोडून दिले. आता बस देवळाच्या दारापर्यंत जाते, गडावर चढायला यांत्रिक सोय झाली आहे, हॉटेलात लिफ्ट आहे आणि बोटीवर तर खोलीपासून जेवणघरापर्यंत शे-दोनशे पावले. यात्रेकरूचे जेवण आणि पाटलाची बैठक एकत्र आली, की परिणाम कमरेवर दिसणारच.

यावर उपाय आहे. बोटीवर चालण्यासाठी मोकळा डेक असतो. सकाळी अर्धा तास आणि रात्री जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटे चालावे. दोन-तीन मजले चढ-उतर करायची असेल तर, गुडघे साथ देत असल्यास, जिन्याने जावे. बस थांबली की आधी चहाच्या टपरीकडे न वळता थोडे पाय मोकळे करावेत.

गोळ्या घेणाऱ्यांनी हे विसरू नये

वजनापेक्षाही मला काळजी वाटते ती मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांची. सहलीत त्यांच्याकडून चार गोष्टी नेहमी घडतात.

पहिली म्हणजे 'आज गोड जास्त झाले, एक गोळी जादा घेतो.' गोळी ही गुलाबजामाची पावती नाही. मनाने मात्रा वाढवली तर रात्री साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते.

दुसरी याच्या उलट. सकाळी गोळी घेतली किंवा इन्सुलिन टोचले आणि दर्शनाच्या रांगेत तीन तास उपाशी उभे राहिले. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांना यात घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणे गोंधळते. सोबतच्यांना वाटते ऊन लागले. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे, आणि मग काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब दवाखाना गाठावा. मधुमेह्याने खिशात साखरेची पुडी आणि बिस्किटे ठेवल्याशिवाय रांगेत उभे राहू नये.

तिसरी गोष्ट आमच्या भगिनींची. बसमध्ये स्वच्छतागृहाची सोय नाही, म्हणून पाणी प्यायचे नाही आणि लघवीची गोळी बंद ठेवायची. चार दिवसांत पायांवर सूज, रक्तदाब वाढलेला आणि लघवीची जळजळ, असे तिन्ही घेऊन त्या परततात. गोळी बंद करू नये. तिची वेळ बदलता येते का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

चौथी गोष्ट मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नको इतके मीठ सांगते. रक्तदाबाच्या रुग्णाने दोन्ही जेवणांत लोणचे, पापड, सॉस आणि मधल्या वेळी शेव घेतली, की ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते.

बोटीवर मद्यही असते. ते बहुधा वेगळे पैसे देऊन घ्यावे लागते. त्याविषयी उपदेश करीत नाही, एवढेच सांगतो की मद्यालाही उष्मांक असतात, सोबतच्या तळलेल्या दाण्यांना त्याहून जास्त असतात आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर मद्याने साखर एकाएकी उतरते.

ताट कसे वाढून घ्यावे

उपाशी राहा, असे मी कोणालाही सांगणार नाही. काही जण निघण्याआधी आठवडाभर उपास करतात, 'म्हणजे तिकडे खाता येईल.' उपासाने भूक खवळते आणि पहिल्याच दिवशी सगळे भरून निघते. त्यापेक्षा या साध्या गोष्टी कराव्यात.

आधी हातात ताट न घेता सगळे टेबल एकदा पाहून यावे. काय आहे ते कळले म्हणजे काय सोडायचे तेही ठरवता येते. पहिल्या वाढपात काकडी, टोमॅटो, कोशिंबीर, उसळ, वरण आणि पालेभाजी घ्यावी. अर्धे ताट यांनी भरले की उरलेल्या जागेत पोळी किंवा भात. दोन्ही हवेच असतील तर दोन्ही थोडे. तळलेला पदार्थ दिवसातून एक, गोड पदार्थ दिवसातून एक, आणि तोही आवडीचा. घरी नेहमी होणारा शिरा बोटीवर खाऊन काय मिळवायचे? तिथला नवा पदार्थ असेल तो चाखावा, दोघांत एक घ्यावा.

ताटात टाकू नये, हा आपल्या घरचा संस्कार आहे आणि तो चांगला आहे. शेतकऱ्याला अन्न टाकवत नाही, टाकवू नयेच. परंतु त्याचा अर्थ आधीच कमी वाढून घ्यावे, असा आहे. भरमसाट वाढून घ्यायचे आणि 'टाकायचे कसे' म्हणून नको असताना संपवायचे, याने अन्न वाचत नाही. ते वाया जाण्याची जागा तेवढी बदलते.

पेयांकडे लक्ष ठेवावे. तीनशे मिलीलीटर गोड शीतपेयात तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा चमचे साखर असते. दिवसभरात वरून घेतलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. एका बाटलीतच ती संपते. पाणी, बिनसाखरेचे ताक, लिंबूपाणी हे उत्तम. डब्यातल्या रसापेक्षा अख्खे फळ खावे. आपण डाळिंबाच्या मुलखातले, आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

बसमध्ये न्यायला चिवडा-चकलीऐवजी भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी, एखादे फळ बरोबर घ्यावे. शेंगदाणे मूठभरच, कारण त्यांतही तेल असते. बाजरीची भाकरी आणि कोरडा ठेचा पहिल्या दिवसाला पुरतो. पुढे त्यासाठी जीव आसुसतो, ही सहलीला गेलेल्या प्रत्येकाची तक्रार मी ऐकली आहे. बोट लागणाऱ्यांनी रिकाम्या पोटी राहू नये आणि तुडुंबही जेवू नये. थोडे, कोरडे आणि बिनतेलाचे खावे.

आणि आग्रह! शेजारच्या सीटवरच्या वहिनींनी पुढे केलेला लाडू नाकारणे आपल्याकडे उद्धटपणा समजतात. "डॉक्टरांनी बंद केले आहे" असे खुशाल सांगावे. माझ्या नावावर एवढे खपवायला माझी हरकत नाही.

सहल कंपन्यांना एक विनंती

सहलींच्या जाहिरातींत पाहण्याच्या स्थळांइतकीच जागा जेवणाला असते. 'भरपेट', 'अमर्याद', 'रोज एक मिष्टान्न'. गिऱ्हाईक तेच मागते, असे त्यांचे उत्तर असेल आणि ते खोटे नाही. तरी ज्यांच्या बसमध्ये निम्मे प्रवासी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आहेत, त्यांनी चार गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. कोशिंबीर आणि उसळ टेबलाच्या सुरुवातीला ठेवावी, तळण आणि गोड शेवटी. ताटल्या लहान ठेवाव्यात. बिनसाखरेचा चहा मागावा न लागता मिळावा. दर्शनाच्या रांगेपूर्वी मधुमेह्यांना खाऊन घेण्याची आठवण द्यावी आणि बस दर दोन तासांनी स्वच्छतागृहापाशी थांबवावी. याला खर्च फारसा नाही आणि प्रवासी पुढच्या वर्षी पुन्हा सहलीला येण्याइतके धडधाकट राहतील, हा त्यांचाही लाभ आहे.

काही वाचक म्हणतील, "डॉक्टर, वर्षातून एकदा जातो, तेव्हाही पथ्यच पाळायचे का?" ज्याचे वय कमी, वजन योग्य आणि आजार नाही, त्याने चार दिवस मनासारखे खाल्ले तर आभाळ कोसळणार नाही. वजन मुळात कमी असलेल्या वृद्धांनी तर नीट जेवावे. त्यांना माझा हा सल्ला लागू नाही. पण बाकीच्यांनी विचार करावा. ज्या माणसाने तीस वर्षे पै पै जोडून पासष्टाव्या वर्षी समुद्र पाहिला, त्याला आणखी दहा सहली करता याव्यात, असे मला वाटते. त्यासाठी गुडघे, हृदय आणि साखर जागेवर हवी. पहिल्याच सहलीत सगळे खाऊन घ्यायची घाई कशाला?

तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी वजन आणि कमरेचे माप घ्या, गोळ्यांच्या चिठ्ठीमागे लिहून ठेवा. परत आल्यावर आठ दिवसांनी पुन्हा घ्या. आकडा तोच राहिला असेल तर तुमची सहल उत्तम झाली. वाढला असेल तर पुढचे दोन महिने रात्रीचे जेवण एका भाकरीने कमी करा, रोज सकाळी अर्धा-पाऊण तास चाला आणि तो खाली आणा. तो आपोआप उतरेल, या भरवशावर मात्र राहू नका.